दुचाकीच्या सायलेन्सरच्या आवाजाचा दंड पुन्हा पुन्हा का होतो आणि तो कसा थांबवावा

खानापूर ते बेळगाव हे सुमारे २५ किलोमीटरचे अंतर मी उद्यमबागेतील कामासाठी रोज दुचाकीने कापतो. गाडी ११० सीसीची, साधी आहे आणि तिला आवाजासाठी किंवा दिखाव्यासाठी मी कधीही काही बसवलेले नाही. असे असूनही सव्वा वर्षाच्या काळात सायलेन्सरच्या आवाजावरून मला तीन वेळा थांबवण्यात आले आणि त्यांपैकी दोन वेळा दंड भरावा लागला. प्रत्येक वेळी मी गॅरेजमध्ये गेलो, आवाज कमी झाल्याची खात्री करून घरी आलो, आणि काही आठवड्यांनी तोच आवाज पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या वेळेनंतर मी मोटार वाहन कायद्यातील संबंधित कलमे वाचून काढली, सायलेन्सर स्वतः खोलून पाहिला, आणि तेव्हा लक्षात आले की तिन्ही वेळा आवाजाचे कारण वेगळे होते, त्याला लागू होणारा नियम वेगळा होता आणि म्हणून उपायही वेगळा हवा होता.

हीच तक्रार शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, उचगाव येथून कामाला येणाऱ्या अनेकांकडून ऐकली आहे, म्हणून सर्व तपशील एकत्र लिहीत आहे. मुद्दाम फटाक्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर बसवणाऱ्यांसाठी उपाय एकच आहे, तो काढून मूळ सायलेन्सर बसवणे, आणि त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. ज्यांची गाडी साधी असून ज्यांना दंड होतो, त्यांच्यासाठी पुढील मजकूर अधिक उपयोगी ठरेल.

चलनावर कोणते कलम आहे

दंड झाल्यावर पहिले काम म्हणजे चलन नीट वाचणे. आपल्या भागात चलन किंवा मोबाईलवर येणारा संदेश बहुधा कन्नडमध्ये अथवा इंग्रजीत असतो, आणि मराठी शाळेतून शिकलेला माणूस रक्कम तेवढी पाहतो व बाकीचा मजकूर सोडून देतो. माझेही पहिल्या वेळी तसेच झाले. वास्तविक कन्नडमधील ‘शब्द मालिन्य’ म्हणजे ध्वनिप्रदूषण, ‘वायु मालिन्य’ म्हणजे हवेचे प्रदूषण आणि ‘कलं’ म्हणजे आपले कलमच. एवढे तीन शब्द ओळखता आले तरी दंड कशाचा आहे हे समजते. मला ते कारखान्यातल्या एका कन्नड भाषक सहकाऱ्याने वाचून दाखवले.

सायलेन्सरच्या संदर्भात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील, २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या, तीन तरतुदी प्रामुख्याने लागू होतात. पहिली कलम १९० चे उपकलम २. रस्ता सुरक्षा, आवाज आणि हवेचे प्रदूषण यांबाबत ठरवून दिलेल्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा या उपकलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि तीन महिन्यांसाठी वाहन चालवण्याच्या परवान्यास अपात्रता अशी शिक्षा सांगितली आहे. त्यानंतरच्या गुन्ह्याला कैदेची मुदत सहा महिन्यांपर्यंत जाते. दुसरी तरतूद कलम १८२ अ चे उपकलम ४. नियमांना मान्य नसलेला बदल मालकाने वाहनात केला, आणि त्यात बाहेरचा सुटा भाग बसवणेही आले, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तिसरी कलम १९४ फ. इंजिनातून निघणारा धूर सायलेन्सर टाळून दुसऱ्याच वाटेने बाहेर सोडणारी ‘कट-आऊट’ वापरल्यास पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या प्रत्येक वेळी २,००० रुपये दंड आहे. अनावश्यक हॉर्न वाजवण्याचा दंडही याच कलमात येतो, म्हणून कलम १९४ फ दिसले की चलन हॉर्नचे आहे की सायलेन्सरचे, हेही पाहून घ्यावे.

कायद्यात लिहिलेली रक्कम आणि रस्त्यावर प्रत्यक्ष घेतली जाणारी रक्कम यांत फरक दिसतो, त्याचे कारण कलम २०० मध्ये आहे. त्या कलमानुसार राज्य सरकार तडजोडीची रक्कम ठरवते आणि अधिकृत अधिकारी ती जागेवर स्वीकारून प्रकरण मिटवू शकतो. कायदा केंद्राचा, रक्कम राज्याची, ही गोष्ट सीमेवर राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे पुन्हा येतो.

या तीन तरतुदींचा उपायाशी थेट संबंध आहे. १९० (२) चे चलन असेल तर गाडीचा आवाज प्रमाणाबाहेर आहे असे पोलिसांचे म्हणणे आहे, मग तो कंपनीचा सायलेन्सर गंजल्याने असो वा दुसरा बसवल्याने. १८२ अ (४) चे असेल तर भागच चुकीचा आहे असे म्हणणे आहे, आणि अशा वेळी आवाज कितीही कमी केला तरी तो भाग गाडीवर असेपर्यंत प्रश्न सुटत नाही. पहिल्या वेळी माझा कंपनीचा सायलेन्सर खालून कुजून भोक पडले होते, आणि चलन १९० (२) चे होते. ते भोक बुजवण्याचा प्रयत्न फसल्यावर मी दुसऱ्या वेळी एका दुकानातून स्वस्तातला सायलेन्सर बसवून घेतला, तेव्हा चलन गाडीत बदल केल्याचे, म्हणजे १८२ अ (४) चे, झाले. दुकानदाराने ‘कंपनीसारखाच आहे ओ, काय फरक नाही’ असे सांगितले होते. त्याच्या शब्दावर विसंबून मी पावतीही मागितली नाही.

‘मी काही बदल केलेला नाही’ हे म्हणणे का पुरत नाही

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० सायलेन्सरसंबंधी आहे. त्याच्या पहिल्या भागात प्रत्येक मोटार वाहनाला, धूर बाहेर पडताना होणारा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन, म्हणजे सायलेन्सर, असलाच पाहिजे असे म्हटले आहे. दुसऱ्या भागात वाहनाची बांधणी आणि देखभाल अशी असावी की पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीच्या ई भागातील आवाजाच्या मर्यादा पाळल्या जातील, असे आहे. त्यातला ‘देखभाल’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. मालकाने काहीही बदल केला नसेल, पण सायलेन्सर गंजून फुटला आणि त्याने तो तसाच चालवला, तरी नियमाचा भंग झालेलाच असतो. रस्त्यावर पोलिसांशी बोलताना ‘साहेब, गाडी ओरिजिनल आहे’ हे एकच वाक्य आपण पुन्हा पुन्हा सांगत राहतो, पण गाडी मूळची आहे याने देखभालीच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

उलट बाजूने, ‘सायलेन्सर हा गाडीचा मूलभूत भाग नाही, तो बदलला तर नोंदणीपुस्तकात कुठे फरक पडतो?’ असा युक्तिवाद तरुण मंडळी करतात. कलम ५२ मध्ये बदलाची व्याख्या वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडणे अशी आहे हे खरे, परंतु १८२ अ (४) मध्ये सुटे भाग बसवण्याचा स्वतंत्र उल्लेख केल्यामुळे आता त्या युक्तिवादात फारसा दम उरलेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, असा निर्वाळा दिला आहे.

डेसिबलचे आकडे आणि मोबाईलवरील मोजणी

दुचाकींसाठी निर्मितीच्या टप्प्यावर ठरवलेल्या मर्यादा इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे आहेत. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० च्या वर १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल. मोपेडसाठी वेगळा वर्ग नाही; तीसुद्धा आकारमानानुसार यातच बसते. आपल्याकडे खेडोपाडी दूध, भाजी आणि वैरणीसाठी वापरली जाणारी जुनी एक्सएल सुपर ६९.९ सीसीची असल्याने ७५ च्या मर्यादेत येते, तर तिची जागा घेणारी एक्सएल १०० ही ९९.७ सीसीची असल्याने ७७ च्या. बुलेटला ८० ची मर्यादा आहे. तिचा मूळचा आवाज खर्जातला असल्यामुळे तो मोठा भासतो, पण कंपनीचा सायलेन्सर शाबूत असलेली बुलेट या मर्यादेत असते.

ही मोजणी आयएस ३०२८ या भारतीय मानकाप्रमाणे मोकळ्या मैदानावर होते. ठरावीक वेगाने आलेली गाडी २० मीटरच्या पट्ट्यात पूर्ण एक्सलेटर देऊन नेली जाते आणि तिच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर अंतरावर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर ठेवलेल्या मायक्रोफोनने आवाज टिपला जातो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थांमध्ये अशा चाचण्या होतात. हे सांगण्याचे कारण असे की दंड झालेला प्रत्येक जण मोबाईलवर आवाज मोजण्याचे ॲप घेतो, फोन सायलेन्सरच्या तोंडापाशी धरतो, ९५ किंवा १०० असा आकडा पाहतो आणि एक तर घाबरतो, नाही तर कंपनीनेच फसवले असे समजतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, आणि या हिशेबाने ७.५ मीटरवरचा आकडा आणि अर्ध्या मीटरवरचा आकडा यांत सुमारे २३ डेसिबलचा फरक पडतो. ७७ च्या मर्यादेतील निर्दोष गाडीही जवळून मोजल्यास १०० च्या आसपास दिसू शकते. म्हणून मोबाईलवरचा आकडा पोलिसांना किंवा न्यायालयात पुरावा म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. त्याचा उपयोग एकाच कामासाठी करावा: दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर, त्याच जागी, त्याच अंतरावरून आणि इंजिनाच्या त्याच गतीला मोजून फरक किती पडला ते पाहणे.

आणखी दोन आकड्यांची गल्लत वारंवार होते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतील असून ती त्या परिसराच्या एकूण आवाजाची आहे, एका गाडीची नव्हे. आणि पीयूसी प्रमाणपत्रात पेट्रोल दुचाकीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासले जातात, आवाज तपासला जात नाही. ताजे पीयूसी दाखवून आवाजाचे चलन टळेल ही अपेक्षा म्हणूनच चुकीची ठरते.

आवाज नेमका कुठून येतो

आता मूळ दुखण्याकडे. रस्त्यावर पोलिसाला कानाने ऐकू येणारा आवाज आणि डोळ्यांनी दिसणारा सायलेन्सर या दोनच गोष्टींवरून बहुतेक वेळा गाडी थांबवली जाते, त्यामुळे आवाजाचे उगमस्थान आपल्याला त्यांच्याआधी माहीत असले पाहिजे. पुढील तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना करावी. सायलेन्सर तापल्यावर हात लावण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

गाडी सुरू करून लगेच, जाड कापडाची घडी सायलेन्सरच्या मागच्या तोंडावर क्षणभर दाबून धरावी. कोठेही गळती नसेल तर इंजिनाचा आवाज दबतो आणि ते बंद पडू लागते. दुसरीकडून फुसफुस ऐकू आली तर गळती आहे. इंजिनाच्या डोक्याला जेथे बेंड पाईप (धूर सायलेन्सरकडे नेणारी वाकडी नळी) जोडलेला असतो तेथे साबणाचे पाणी ब्रशने लावल्यास बुडबुडे येतात, आणि त्या जोडाभोवती काजळीचा काळा ओघळ दिसला तर शंकेला जागाच राहत नाही. या जोडातून येणारा आवाज ‘चक-चक’ असा, कोरडा असतो. गाडी तापली की धातू प्रसरण पावून तो कमी होतो, आणि त्यामुळे गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत मिस्त्रीला काही ऐकूच येत नाही. माझ्या तिसऱ्या वेळेचे कारण हेच होते.

जोड ठीक असेल तर सायलेन्सर खालून पाहावा. आपल्या भागात हे विशेष महत्त्वाचे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. गाडी लांब चालली तर ती वाफ बाहेर निघून जाते, पण घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून शाळेपर्यंत अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही, वाफेचे पाणी होते आणि ते तळाशी साचते. आतून हे पाणी आणि बाहेरून पावसाळ्यात चिकटलेली तांबडी माती, असा दोन्ही बाजूंनी पत्र्यावर मारा होतो. जांबोटी, कणकुंबी, बेळगुंदी या पश्चिमेकडच्या पट्ट्यातील पावसात ही माती आठवडे-आठवडे ओली राहते. त्यामुळे भोक बहुधा वरून दिसणाऱ्या क्रोमच्या भागात पडत नाही. ते खालच्या शिवणीवर किंवा ब्रॅकेटच्या वेल्डिंगपाशी पडते. सायलेन्सरच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी कंपनीनेच ठेवलेले एक बारीक छिद्र अनेक गाड्यांना असते, त्यालाच गंजाचे भोक समजून बुजवू नये. ते बुजवले की सायलेन्सर अधिक वेगाने कुजतो. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीच्या बाबतीत नेमके हेच झाले, आणि वेल्डिंग केलेल्या जागेच्या शेजारी दीड महिन्यात नवे भोक पडले. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग टिकत नाही. टोचणीने दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर दुरुस्तीचा नाद सोडून सायलेन्सर बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी शक्यता आतल्या बिघाडाची. सायलेन्सरच्या पोटात भिंती आणि नळ्या असतात; त्यांतून फिरताना आवाजाच्या लहरी मोडतात. त्यांतली एखादी सुटली तर बाहेरून सर्व काही नवे दिसते आणि आवाज मात्र पोकळ, घुमणारा येतो. गाडी बंद असताना मुठीने किंवा रबरी हातोडीने ठोकून पाहावे; आत खळखळ झाली तर भिंत सुटलेली आहे. एखाद्या मिस्त्रीने ‘पिकअप वाढतो’ म्हणून आतली जाळी काढून टाकली असेल तरीही असाच पोकळ आवाज येतो, आणि वापरलेली गाडी विकत घेणाऱ्याला ही गोष्ट विक्रेता सांगत नाही. जुनी गाडी घेताना सायलेन्सरच्या तोंडातून विजेरी मारून आत पाहण्याची सवय लावून घ्यावी.

एक्सलेटर सोडल्यावर फटफट फटाके वाजत असतील तर बहुतेक लोक कार्बोरेटरला हात घालतात. त्याआधी जोडाची गळती पाहावी. गळक्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तापलेल्या पाईपमध्ये न जळलेले पेट्रोल तिच्यासह पेटते, त्याचा तो आवाज असतो. चौकात शिरताना आपण एक्सलेटर सोडतो, आणि वाहतूक पोलीस चौकातच उभे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा गाड्या नेमक्या तिथेच का थांबवल्या जातात हे कळते.

दुरुस्ती टिकत नाही, त्याचे एक साधे कारण

बेंड पाईप आणि इंजिन यांच्यामध्ये एक गोल गॅस्केट असते. गॅरेजमध्ये तिला पॅकिंग म्हणतात. नट आवळले की ती दबून जोड बंद करते आणि एकदा दबलेली पॅकिंग पुन्हा तशी बसत नाही. सायलेन्सर उतरवला की प्रत्येक वेळी नवी पॅकिंग घालावी लागते. सायलेन्सरच्या तुलनेत तिची किंमत अगदी किरकोळ असते, पण ती दुकानातून आणायला वेळ जातो म्हणून जुनीच घातली जाते. माझ्या गाडीला मी शेवटी कंपनीचा नवा सायलेन्सर घेतला तेव्हाही जुनीच पॅकिंग बसवली गेली होती.

दुसरी चूक आवळण्याच्या क्रमात होते. आधी सर्व नट-बोल्ट सैल बसवावेत, मग इंजिनाकडील दोन नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळावेत आणि मागचा ब्रॅकेटचा बोल्ट सर्वांत शेवटी आवळावा. मागचा बोल्ट आधी आवळला तर पूर्ण सायलेन्सरचा ताण पुढच्या जोडावर येतो, खानापूर रस्त्यावरच्या खड्ड्यांतून दहा-पंधरा दिवस गाडी हादरली की जोड उघडतो आणि आवाज परत येतो. हा क्रम मी आता मिस्त्रीसमोर उभा राहून पाळायला सांगतो. अनुभवी माणसाला असे सांगताना संकोच वाटतो, पण चांगल्या मिस्त्रीने कधी त्याचा राग मानलेला नाही.

नवा सायलेन्सर घेताना कागद सांभाळावा

कंपनीच्या सायलेन्सरवर कंपनीचे नाव किंवा भागाचा क्रमांक कोरलेला असतो. खरेदीच्या बिलावर तो भाग क्रमांक आणि आपल्या गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि बिलाचे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवावे. मूळ दर्जाचा तोच भाग बदलणे हा कायद्याच्या अर्थाने बदल होत नाही, आणि ते दाखवण्याचे साधन म्हणजे हे बिल. तिसऱ्या वेळी मला थांबवले तेव्हा जोडातून आवाज येत होता हे मी मान्य केले, कोरलेला क्रमांक दाखवला, त्याच आठवड्यातले बिल दाखवले आणि दोन दिवसांत दुरुस्त करतो असे सांगितले. ‘करून घ्या, पुन्हा आवाज आला तर सोडणार नाही,’ एवढ्यावर ते प्रकरण थांबले. मागच्या दोन वेळी माझ्याकडे दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

बाजारात परदेशी कंपन्यांचे सायलेन्सर गोलातल्या ‘ई’ अक्षराच्या शिक्क्यासह मिळतात. तो शिक्का संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारातील देशांच्या मान्यतेचा आहे. भारत त्या कराराचा सदस्य नसल्याने केवळ त्या शिक्क्यावर इथल्या नियमांची पूर्तता होत नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरच्या मार्गातच असतो. तो वगळून दुसरा पाईप बसवला तर आवाजाबरोबर हवेच्या प्रदूषणाचाही भंग होतो आणि पुढच्या पीयूसीला गाडी अडकू शकते.

मोपेडची वेगळी अडचण

आमचे आप्पा अजून जुनी टू-स्ट्रोक एक्सएल चालवतात. या गाड्यांत तेल पेट्रोलबरोबरच जळत असल्याने सायलेन्सरच्या आतील नळीवर काजळीचा जाड थर बसतो, गाडी ओढत नाही, चढावर दम तोडते. अशा वेळी नळी काढून जाळून, घासून साफ करणे हा योग्य उपाय आहे. पण वेळ वाचवण्यासाठी काही ठिकाणी ती नळीच काढून टाकतात किंवा सायलेन्सरच्या पोटाला ड्रिलने भोक पाडतात. गाडी हलकी चालते, मालक खूश होतो, आणि गावभर आवाज होतो. भोक पाडून धूर बाहेर काढणे म्हणजे सायलेन्सर टाळून दुसरी वाट देणेच, आणि त्याला कलम १९४ फ लागू शकते. ‘शेतकऱ्याची मोपेड कोण अडवतो’ हा समज शहराच्या हद्दीत शिरल्यावर टिकत नाही. नियम १२० जसा बुलेटला लागू आहे तसाच तिलाही. तेलाचे प्रमाण अंदाजाने न ओतता कंपनीने सांगितल्याप्रमाणे मोजून घातले तर काजळीच मुळात कमी बसते.

सीमेच्या दोन्ही बाजूंची चलने

चंदगड आणि शिनोळीकडून बेळगावच्या बाजाराला येणारे, किंवा निपाणीहून कागल-कोल्हापूरला जाणारे, एकाच दिवसात दोन राज्यांच्या पोलिसांसमोरून जातात. सायलेन्सरचे नियम आणि कलमे दोन्हीकडे तीच आहेत. केए २२ किंवा केए २३ ची गाडी कोल्हापुरात थांबवली तर तडजोडीची रक्कम महाराष्ट्राच्या दराने लागते, एमएच ०९ ची गाडी बेळगावात थांबवली तर कर्नाटकच्या दराने. दुसऱ्या राज्यातले चलन आपल्यापर्यंत पोहोचत नाही अशी समजूत धरून ते न भरता ठेवणे धोक्याचे आहे, कारण चलन गाडीच्या क्रमांकावर नोंदले जाते आणि मालकी बदलताना किंवा दुसरे काही काम काढताना ते समोर उभे राहते. दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडीचा क्रमांक घालून दोन्ही राज्यांची प्रलंबित चलने तपासावीत.

गाडी भाच्याला किंवा शेजाऱ्याला चालवायला देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. कलम १९० (२) मध्ये वाहन चालवणाऱ्याबरोबर ‘चालवू देणारा’ही येतो, त्यामुळे ‘गाडी मी चालवत नव्हतो’ हे मालकाचे उत्तर पुरेसे नाही.

चलन चुकीचे आहे अशी खात्री असेल, म्हणजे कंपनीचाच शाबूत सायलेन्सर असताना बदल केल्याचे कलम लावले असेल, तर तडजोडीची रक्कम न भरता प्रकरण न्यायालयात नेण्याची मुभा आहे. त्यासाठी त्याच दिवशी सायलेन्सरची, कोरलेल्या क्रमांकाची आणि गाडीच्या नंबरप्लेटची एकत्र छायाचित्रे काढावीत, अधिकृत सेवा केंद्रातून सायलेन्सर मूळचा व सुस्थितीत असल्याचे जॉबकार्डवर लिहून घ्यावे आणि बिल जोडावे. दोष आपल्याकडे असताना मात्र केवळ दंड भरून गाडी तशीच पुढे चालवू नये, कारण पुढचे चलन कायद्याच्या भाषेत ‘त्यानंतरचा गुन्हा’ ठरू शकते. माझ्या गाडीला आता नवी पॅकिंग घातली आहे, मागचा बोल्ट शेवटी आवळला आहे, आणि गणपती झाल्यावर पाऊस ओसरला की सायलेन्सरखालची माती धुऊन तळाचे छिद्र तारेने मोकळे करायचे काम मी आणि आप्पा दोन्ही गाड्यांसाठी एकाच दिवशी उरकतो.